पुष्पक: शेपटीला चाक का, आणि मूळ विमान किती भरवशाचं होतं

आमचा बाल्साच्या हलक्या लाकडाचा, उडत्या पुष्पक विमानाचा संच नेणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. चाक नाकाखाली का नाही? आणि मूळ विमान पडायचं का हो? दुकानात गर्दी असली की उत्तर अर्धवट राहतं, म्हणून हा कागद डब्यात घातला आहे. गोंद वाळेपर्यंत वाचून होईल.

मूळ पुष्पक बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचं. 28 सप्टेंबर 1958 रोजी ते पहिल्यांदा उडालं. तिथल्या आरेखनाची धुरा डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याकडे होती, ते कोल्हापूरकडचे. आकार मात्र अगदी नवा नव्हता. अमेरिकेतल्या एरोंका कंपनीचं ‘चीफ’ शेजारी ठेवलं तर सख्खी भावंडं वाटतील. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, 90 अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन, शेजारी-शेजारी दोन जागा. (पुराणातल्या पुष्पकात कितीही बसले तरी एक जागा रिकामी उरते म्हणतात. इथे तिसऱ्याला जागा नाही.) दीडशेच्या आसपास विमानं झाली आणि ती मुख्यतः फ्लाइंग क्लबांत गेली, म्हणजे शिकाऊ हातांत. भरवशाचं बोलताना हे विसरू नये.

हवेत हा जातीचा गरीब प्राणी. स्कूटरच्या वेगाला जमिनीवर टेकतो. खोड्या सुरू होतात त्या टेकल्यावर. पुढे दोन चाकं आणि वजनाचा मध्य त्यांच्या मागे. नाक जरा वळलं की शेपटी पुढे यायला बघते. पावसात उतारावर ब्रेक दाबला की भरलेल्या पिकअपचं बूड जसं सरकतं, तसंच. पायाने रडर (शेपटीची उभी, डावी-उजवीकडे वळणारी झडप) वेळेत दाबला नाही तर विमान जागीच गरकन फिरतं. याला वैमानिक ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. शेपटीच्या चाकाच्या विमानांचा हा नेहमीचा अपघात. त्यात पंखाचं टोक आणि चाकाचा पाय मोडतो, माणूस सहसा कपडे झटकत बाहेर येतो. जीव जातो तो वेगळ्या चुकीने: जमिनीजवळ, कमी वेगात, आवळून घेतलेल्या वळणात पंखांची उचल सुटते, आणि सावरायला उंचीच नसते. ही चूक नाकाखाली चाक असलेल्या विमानालाही माफ नाही.

आणखी दोन जुनी दुखणी. स्टार्टर नसल्याने पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं. चाकांना अडण न लावता हे केलं तर विमान माणसावर चालून येतं. आणि शेपटी खाली असल्याने आत शिरलेलं पाणी तिथेच साचतं, कापडाखाली नळ्या गुपचूप गंजतात. आपल्या खाऱ्या हवेत तर बोलायलाच नको.

मग हे चाक ठेवायचंच कशाला? हलकं, साधं, आणि खडबडीत मैदानात पंखा जमिनीपासून उंच राहतो. ही बसण्याची ढब प्रत्यक्ष पाहायची तर गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातलं फायरफ्लाय बघा. ते लढाऊ, कितीतरी मोठं, पण बसतं असंच: नाक वर, ढुंगण जमिनीला.

आता तुमच्या हातातलं. पंखविस्तार 137 सेंमी, मुळाच्या आठव्या हिश्शाचा. सकाळी उडवा, दुपारी समुद्राचा वारा सुटला की सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, आडवा झोंबतो. दाबोळी आणि मोपा विमानतळांच्या आसपास अजिबात नको. जमिनीवर चालवताना रिमोटवरची एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या झडपेची) काडी मागे ओढून ठेवा, म्हणजे शेपटी दबलेली राहते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर, हळूहळू द्या. एकदम दिला की नाक डावीकडे ओढ घेतं, विमान गरकन फिरतं आणि बाहेरच्या बाजूचा, म्हणजे उजवा पंख जमिनीला घासतो. आमच्या पहिल्या नमुन्याचं सड्यावर हेच झालं. जांभ्या दगडाने टोक किसणीवर धरल्यासारखं सोललं.

पंखांची सुटी टोकं आमच्याकडे मिळतात. उजवं जास्त खपतं, म्हणून तेच जास्त बनवून ठेवतो.