स्वमग्न प्रौढ आणि आरोग्यसेवा (भारत)

स्वमग्नता (ऑटिझम) ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात अवस्था असून ती आयुष्यभर सोबत राहते. भारतात सेवांची आखणी मात्र लहान मूल डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतच लागू असतो. बालरोगतज्ज्ञ, थेरपी सेंटर, विशेष शाळाही साधारण त्याच सुमारास सुटतात. पुढे कोणाकडे जायचे हे ज्याचे त्याने शोधायचे.

दवाखान्यातली अडचण दारापासूनच सुरू होते. फडफडणारी ट्यूबलाइट, फिनेलचा वास, नंबर कधी लागेल याचा पत्ता नाही. ज्यांच्या संवेदना तीव्र असतात, त्यांची सगळी ताकद या बसून राहण्यातच संपते. आत गेल्यावर प्रश्न येतो, ‘नेमकं कुठं दुखतंय?’ अनेकांना शरीरातल्या जाणिवा ओळखणे आणि शब्दांत मांडणे अवघड जाते. काहींच्या चेहऱ्यावर वेदना दिसत नाही, म्हणून त्यांच्या सांगण्यावर विश्वास बसत नाही. न बोलणारी व्यक्ती दाढदुखीने डोके आपटू लागली तर ते ‘वागणं बिघडलं’ या खात्यात जाते. झोपेच्या गोळ्या वाढतात, तोंड उघडून हिरडी कोणी पाहत नाही. आणि पेशंट तिशीचा असो, टाइप करून उत्तर देऊ शकणारा असो, डॉक्टर विचारतात शेजारच्या आईलाच: ‘याला काय होतंय?’

या साऱ्याला केवळ गैरसोय म्हणता येत नाही. स्वीडनमधील नोंदींवर आधारलेल्या २०१६ च्या अभ्यासात स्वमग्न व्यक्तींचे मृत्यूसमयीचे सरासरी वय सुमारे ५४ वर्षे आढळले, तर इतरांचे ७०.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही स्वमग्नता मोजणारी ४० मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी वापरतात. गुण ७० च्या खाली गेले की स्वमग्नता नाही असे धरले जाते. नोकरी करणारे, बोलते, आणि वर्षानुवर्षे आपले वेगळेपण झाकायला शिकलेले प्रौढ, विशेषतः स्त्रिया, इथे सहज निसटतात. त्यांच्या फायलीत तोवर नैराश्य किंवा चिंताविकार एवढेच लिहिलेले असते. प्रमाणपत्र नसेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेचा वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा विमाही मिळत नाही.

संमतीचा घोळ वेगळाच. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचा रोख मात्र व्यक्तीशी सल्लामसलत करून चालणाऱ्या मर्यादित पालकत्वाकडे आहे. प्रत्यक्षात ऑपरेशनच्या फॉर्मवर सही बहुधा आईवडिलांचीच घेतली जाते. पेशंटलाही विचारायला हवे, हे कोणाला सुचत नाही. आईवडील सत्तरीला आले की सही कोणाची, हा पेच मात्र घरोघरी पडतो.

खर्च नसलेल्या सुधारणा बऱ्याच आहेत: दिवसातला पहिला नंबर देणे, प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवणे, हात लावण्याआधी सांगणे, उत्तर लिहून चालेल असे म्हणणे. २०१६ च्या कायद्यात ‘वाजवी सोय’ देण्याची तरतूद आहे, पण ती मागायची तर रिसेप्शनवर उभे राहून अनोळखी माणसाला आपली अवस्था समजावून सांगावी लागते, आणि नेमके तेच सर्वांत कठीण असते.