धातू, धास्ती आणि चेतासंस्था

‘धातू गेली की बुद्धी मंदावते’ ही भीती अजून शिकल्यासवरल्या मुलांनाही छळते. एका वेळचं वीर्य साधारण १.५ ते ५ मिलिलिटर असतं. ते बहुतांश वीर्यकोष आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतं, त्यात मेंदूतून उतरलेलं काहीही नसतं. मेंदूचा या साऱ्याशी संबंध आहे, पण तो वेगळाच.

स्पर्शाने लिंगाला येणाऱ्या ताठरतेचं केंद्र मेंदूत नसून मेरुरज्जूच्या तळाशी, एस-२ ते एस-४ या कमरेखालच्या खंडांत आहे. संवेदना तिथे पोचली की परानुकंपी, म्हणजे शरीर निवांत असताना काम करणाऱ्या, चेतातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो. तो लिंगातल्या स्नायुपेशींत शिरून ग्वानिलेट सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) चालना देतो, त्यातून सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू तयार होतो, पेशीतलं कॅल्शियम घटतं आणि रोहिण्यांचे स्नायू सैलावतात. रक्त आत भरतं. फुगलेल्या ऊतींखाली नीला दबतात, म्हणून ते लगेच बाहेर पडत नाही. पीडीई-५ हे विकर सायक्लिक जीएमपी सतत मोडत असतं आणि १९९८ साली बाजारात आलेलं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) हे औषध मुख्यतः त्यालाच अडवतं. मुळात उत्तेजनाच नसेल तर गोळी निरुपयोगी. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. मित्राकडून मागून ही गोळी कधीही खाऊ नये.

मेंदू उत्तेजना देतो, तसाच ब्रेकही लावतो. मस्तिष्कस्तंभातून उतरणारे, सिरोटोनिन हे रसायन सोडणारे तंतू मेरुरज्जूतलं हे केंद्र दाबून धरतात. म्हणून छातीच्या वरच्या भागात मेरुरज्जू तुटलेल्या पुरुषालाही बऱ्याचदा स्पर्शाने ताठरता येते, आणि सिरोटोनिन वाढवणाऱ्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी वीर्यपतन लांबतं. दुसरा ब्रेक नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनाचा. धास्ती वाटली की अनुकंपी, म्हणजे धोक्याच्या वेळी जागे होणाऱ्या, तंतूंतून ते सुटतं आणि रोहिण्या आवळल्या जातात. ‘धातू जाते’ म्हणून घाबरलेल्या मुलाला जमत नाही ते यामुळे. दुर्बलतेच्या जाहिराती करणारे भोंदू त्याच भीतीवर आपली भुकटी विकतात.

रेम झोपेत, म्हणजे स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, मेंदूतल्या नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या पेशी गप्प होतात, हा ब्रेक सुटतो आणि निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. निदानात याचा मोठा उपयोग होतो. पहाटे नीट येते पण जोडीदारासोबत येत नाही, तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा ठीक असतात. अडचण धास्तीची असते. पहाटेचीही थांबली असेल तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असल्याने तिथला अडथळा अनेकदा आधी जाणवतो, छातीत दुखण्याच्याही काही वर्षं आधी.