विद्यापीठीय पारितोषिके व सन्मान

विद्यापीठातील विद्यार्थी व अध्यापक यांच्या विद्वत्तेची, संशोधनाची किंवा अध्यापनाची जाहीर दखल घेण्यासाठी दिली जाणारी पदके, रोख बक्षिसे, विशेष श्रेणी, पदे व मानद पदव्या यांचा या संज्ञेत समावेश होतो. शिष्यवृत्ती काटेकोर अर्थाने यात मोडत नाही, कारण ती पुढील शिक्षणाच्या खर्चासाठी असते आणि पारितोषिक झालेल्या कामाबद्दल मिळते. व्यवहारात मात्र ही सीमारेषा पुसट आहे, कारण नामवंत शिष्यवृत्ती मिळवणे हाही बहुमानच समजला जातो.

जुन्या पारितोषिकांपैकी बहुतेकांचा उगम देणगीत आहे. दाता किंवा त्याचे वारस ठरावीक रक्कम विद्यापीठाच्या स्वाधीन करतात, ती गुंतवली जाते आणि मुद्दलाला हात न लावता व्याजातून दरवर्षी पदक अथवा रक्कम दिली जाते. कोणत्या विषयात, कोणत्या परीक्षेत व कोणत्या अटींवर पारितोषिक द्यावयाचे, हे दानपत्रात लिहिलेले असते. काळ लोटतो तशी महागाई वाढून व्याज तोकडे पडते, ‘सुवर्णपदक’ सोन्याचा मुलामा दिलेले उरते आणि कधी कधी मूळ विषयच अभ्यासक्रमातून गेलेला असतो. अशा वेळी अटींत बदल करण्यासाठी कायदेशीर मार्ग धरावा लागतो किंवा लहान लहान निधी एकत्र करावे लागतात.

कोणाची, कशाच्या आधारे आणि कोणी निवड करायची, या नियमांवर पारितोषिकाचा खरा परिणाम अवलंबून असतो. केंब्रिज विद्यापीठाच्या स्मिथ पारितोषिकाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख रॉबर्ट स्मिथ यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून १७६९ पासून दरवर्षी दोन तरुण पदवीधरांना प्रत्येकी २५ पौंड दिले जाऊ लागले. त्या विद्यापीठातील गणिताच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेत वेग आणि घोकून पक्क्या केलेल्या युक्त्या यांना फार महत्त्व होते. स्मिथ पारितोषिकाच्या प्रश्नपत्रिका मात्र प्राध्यापक काढत आणि त्यात विषयाच्या आकलनाचा अधिक कस लागे. फेब्रुवारी १८५४ च्या प्रश्नपत्रिकेत जॉर्ज स्टोक्स यांनी एक प्रमेय सिद्ध करावयास दिले होते. आज सदिश कलनाच्या (दिशा असलेल्या राशींच्या कलनशास्त्राच्या) प्रत्येक पाठ्यपुस्तकात स्टोक्स यांच्या नावाने असणारे हे प्रमेय तेथेच प्रथम छापले गेले. त्या परीक्षेला बसलेल्यांत पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते. ट्रायपॉसमध्ये त्यांचा क्रमांक एडवर्ड राउथ यांच्या मागोमाग दुसरा आला होता. स्मिथ पारितोषिकासाठी मात्र दोघे समान ठरले. १८८५ पासून परीक्षेऐवजी स्वतंत्र निबंध मागवण्याची पद्धत आली आणि पारितोषिकाचा रोख हजरजबाबी उत्तराकडून संशोधनाकडे वळला. १९३६ मध्ये ॲलन ट्यूरिंग यांना ते मिळाले ते संभाव्यताशास्त्रावरील निबंधासाठी.

निबंध-पारितोषिकांची प्रथा विद्यापीठांनी मुख्यतः यूरोपातील विद्वत्सभांकडून (अकादमींकडून) उचलली. विषय आधी जाहीर करायचा, स्पर्धकाने निबंधावर नावाऐवजी एखादे बोधवाक्य घालायचे, त्याच बोधवाक्याच्या मोहोरबंद पाकिटात आपले नाव ठेवायचे आणि निर्णय झाल्यावरच विजेत्याचे पाकीट फोडायचे, अशी ही रीत होती. नाव झाकल्याने पक्षपात पुष्कळ कमी होतो. तरी निबंध वाचणाऱ्यांचे सैद्धांतिक आग्रह झाकले जात नाहीत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने प्रकाशाच्या विवर्तनावर (अडथळ्याच्या कडेशी प्रकाश वळण्यावर) ठेवलेल्या स्पर्धेत ऑगस्तँ फ्रेनेल यांनी प्रकाश लाटांच्या रूपात पसरतो हा तरंगसिद्धांत मांडला, तेव्हा परीक्षकांपैकी सिमेओं प्वासाँ हे प्रकाश कणांचा बनलेला मानणाऱ्या कणसिद्धांताच्या बाजूचे होते. फ्रेनेल यांचे गणित खरे मानल्यास गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध प्रकाशबिंदू दिसायला हवा, हा प्वासाँ यांना त्या सिद्धांताचा हास्यास्पद निष्कर्ष वाटला. दुसरे परीक्षक फ्रांस्वा अरागो यांनी प्रयोग करून पाहिला, तो बिंदू दिसला आणि १८१९ मध्ये पारितोषिक फ्रेनेल यांना मिळाले. परीक्षकाने शंकेची तड प्रयोगाने लावल्याची अशी उदाहरणे विरळाच. याच अकादमीचे पारितोषिक सोफी जेर्मँ यांना लवचिक पृष्ठभागांच्या कंपनांवरील कामासाठी १८१६ मध्ये, तिसऱ्या प्रयत्नात मिळाले.

पदवी परीक्षेतील श्रेणी हा विद्यार्थ्यांच्या सन्मानाचा सर्वांत सार्वत्रिक प्रकार होय. काही देशांत ऑनर्सचे वर्ग असतात, तर काही ठिकाणी पदवीपत्रावर ‘कुम लाउदे’, ‘माग्ना कुम लाउदे’ व ‘सुम्मा कुम लाउदे’ असे चढत्या क्रमाचे लॅटिन शेरे दिले जातात. अमेरिकेतील विल्यम अँड मेरी कॉलेजात १७७६ मध्ये विद्यार्थ्यांनी स्थापन केलेले ‘फाय बीटा कॅपा’ हे मंडळ पुढे गुणवंतांना सदस्यत्व देणारी संस्था बनले. केंब्रिजच्या गणितात पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यांना रँग्लर आणि त्यांतील पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला सीनिअर रँग्लर म्हणत. १८९९ मध्ये सीनिअर रँग्लरचा मान विभागून मिळवलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मराठी माणसांना आजही ‘रँग्लर परांजपे’ याच नावाने ठाऊक आहेत. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट यांचे गुण सीनिअर रँग्लरपेक्षाही जास्त होते, परंतु स्त्रियांची यादी वेगळी असल्याने तो किताब पुरुष विद्यार्थ्याकडेच राहिला. स्त्रियांना त्या विद्यापीठाची पूर्ण पदवी मिळण्यास १९४८ उजाडावे लागले. क्रमवार यादी जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली.

अध्यापकांच्या बाबतीत दात्याच्या नावाचे अध्यासन (प्राध्यापकपद), निवृत्तीनंतरचे मानद प्राध्यापकपद, विद्वत्सभेचे सदस्यत्व व उत्कृष्ट अध्यापनाचे पुरस्कार हे प्रमुख प्रकार आहेत. यांत अध्यापन-पुरस्कारांची निवड सर्वांत अडचणीची असते, कारण संशोधनाला प्रकाशित लेखांचा पुरावा असतो, वर्गातील कामाला मात्र विद्यार्थ्यांचे अभिप्राय व सहकाऱ्यांच्या शिफारशी एवढाच आधार असतो. शिवाय मान मिळालेल्यांनाच पुढचा मान सहज मिळतो, या प्रवृत्तीला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले. काही पारितोषिकांना असलेल्या वयोमर्यादेमुळे या प्रवृत्तीला थोडा आळा बसतो. १९३६ पासूनचे फील्ड्स पदक चाळिशीच्या आतील गणितज्ञांनाच दिले जाते.

मानद पदवी विद्यापीठाबाहेरील व्यक्तींनाही दिली जाते आणि तिच्यासाठी परीक्षा किंवा प्रबंध लागत नाही. देणगीदार व सत्ताधारी यांना ती सढळ हाताने वाटली गेल्याची टीका जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या काही संस्था ती देतच नाहीत. सन्मान नाकारण्याचा हक्क अर्थात व्यक्तीलाही असतो. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००६ मध्ये फील्ड्स पदक आणि २०१० मध्ये प्वाँकारे अटकळ हा गणितातील जुना प्रश्न सोडवल्याबद्दल क्ले गणित संस्थेने देऊ केलेले दहा लाख डॉलर अशी दोन्ही पारितोषिके नाकारली. दुसऱ्याबाबत, त्या कामात गणितज्ञ रिचर्ड हॅमिल्टन यांचा वाटा आपल्याइतकाच असताना निर्णय अन्यायकारक आहे, असे कारण त्यांनी दिले.