परदेशी तैनातीतील सैनिकाचा कायदेशीर बचाव

भारतीय सेनादलांतील जवान, नौसैनिक किंवा अधिकारी परदेशात नेमणुकीवर असताना त्याच्यावर गैरवर्तनाचा किंवा गुन्ह्याचा आरोप आला, तर कोणत्या कायद्याखाली, कोणापुढे आणि कोणाच्या मदतीने त्याला आपली बाजू मांडता येते, यासंबंधीची व्यवस्था. कोकण किनारपट्टीला हा विषय परका नाही. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून पायदळात व नौदलात पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली आहे. दापोलीला लोक अजून ‘कॅम्प’ म्हणतात आणि महाड तालुक्यातल्या एका गावाचे नावच ‘फौजी आंबवडे’ पडले आहे. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्याच्या अशा कथा गावोगाव सांगितल्या जातात. आरोप आलेल्या जवानाविषयी मात्र घरचे लोक शेजाऱ्यापाशीही बोलत नाहीत, आणि ही चुप्पीच पुढे त्याला महागात पडते.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरायला हवा. कोकणात ‘मुलगा बोटीवर आहे’ म्हटले की तो नौदलात असेल किंवा व्यापारी जहाजावर खलाशी असेल. कायद्याच्या दृष्टीने या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्यापारी जहाजावरच्या खलाशाला सैनिकी कायदा लागू नाही. परक्या बंदरात पकडला गेला तर त्याला तिथल्या न्यायालयापुढेच उभे राहावे लागते. निवृत्त नौसैनिकाचेही तेच. कतारमध्ये खाजगी कंपनीत नोकरी करणाऱ्या भारतीय नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२२ मध्ये अटक झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला, डिसेंबरमध्ये तो कमी झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची सुटका झाली. त्या सगळ्या काळात नौदल कायद्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. धावपळ झाली ती वकिलांची आणि परराष्ट्र खात्याची.

सेवेतल्या सैनिकाच्या बाबतीत कायदा त्याच्या पाठोपाठ जातो. सेना अधिनियम १९५०, वायुसेना अधिनियम १९५० आणि नौसेना अधिनियम १९५७ हे तीनही कायदे सैनिक जगात कुठेही असला तरी त्याला लागू राहतात. सेना अधिनियमाचे कलम ७० इथे महत्त्वाचे आहे. सैनिकी कायदा लागू नसलेल्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा तिच्यावरील बलात्कार या गुन्ह्यांचा खटला एरवी कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्करी न्यायालयापुढे, चालत नाही, तो मुलकी पोलीस आणि सत्र न्यायालय यांच्याकडे जातो. मात्र गुन्हा भारताबाहेर, प्रत्यक्ष मोहिमेवर असताना किंवा सरकारने ठरवून दिलेल्या सीमा-चौकीवर घडला असेल, तर तो कोर्ट मार्शलच्या कक्षेत येतो. चिपळूणमध्ये रजेवर असताना घडलेला आणि परदेशातल्या छावणीत घडलेला एकच गुन्हा अशा रीतीने दोन वेगळ्या दारांत जाऊन उभा राहतो.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताने काँगो, लेबनॉन, दक्षिण सुदान अशा अनेक ठिकाणी तुकड्या पाठवल्या आहेत. यजमान देशाशी होणाऱ्या कराराचा १९९० चा जो नमुना आहे, त्यानुसार तुकडीतील सैनिकांवर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार केवळ त्यांच्या मायदेशाला असतो. लैंगिक शोषणाच्या तक्रारींवरून सुरक्षा परिषदेने २०१६ मध्ये केलेल्या ठराव २२७२ मुळे, ठोस पुरावा असेल तर संपूर्ण तुकडी परत पाठवण्याचा मार्ग खुला झाला. यात बचावाची खरी अडचण दडलेली आहे. खटला भारतात चालतो, साक्षीदार मात्र आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात राहिलेले असतात. साक्षीदाराची उलटतपासणी समोरासमोर घेता आली नाही, तर बचावाचे अर्धे बळ जाते.

युद्धनौकेचे गणित निराळे आहे. परक्या बंदरात उभ्या असलेल्या भारतीय युद्धनौकेवर स्थानिक पोलिसांचा हुकूम चालत नाही. पण नौसैनिक सुटीवर गँगवे (जहाजावरून उतरण्याचा जिना) उतरून गावात गेला आणि तिथे मारामारी झाली, तर दोन देशांत वेगळा करार नसल्यास स्थानिक कायदा त्याला पकडू शकतो.

आरोपानंतर पहिली पायरी बहुधा कोर्ट ऑफ इन्क्वायरीची, म्हणजे खटल्याआधीच्या लष्करी चौकशीची, असते, आणि बचाव जिंकला किंवा हरला जातो तो पुष्कळदा इथेच. सेना नियम १९५४ मधील नियम १८० प्रमाणे, ज्याच्या चारित्र्याला किंवा सैनिकी लौकिकाला बाधा येऊ शकते अशा व्यक्तीला चौकशीभर हजर राहण्याची, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची संधी द्यावी लागते. तिथे दिलेला जबाब किंवा कबुली पुढे खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे नियम १८२ सांगतो. आपले हे हक्क जवानांना क्वचितच ठाऊक असतात. ‘साहेबांना सगळं खरं सांगून टाकतो, म्हणजे मिटेल’ हा साधा विचार अनेकांना गोत्यात आणतो. त्यानंतर कमांडिंग ऑफिसरपुढे (युनिटच्या प्रमुखापुढे) आरोपाची सुनावणी होते आणि ‘समरी ऑफ एव्हिडन्स’ म्हणजे साक्षींचा लेखी गोषवारा तयार होतो. खटल्याची सूचना दिल्यापासून तो सुरू होईपर्यंत किमान ९६ तास जावे लागतात, मोहिमेवर असल्यास मात्र २४ तास पुरतात. परदेशी तैनातीत एवढ्या वेळात रत्नागिरीच्या वकिलाला फोन लागला तरी पुष्कळ.

पायदळात कोर्ट मार्शलचे चार प्रकार आहेत. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागतात आणि कायद्याचा सल्ला देणारा जज-अ‍ॅडव्होकेट उपस्थित असावा लागतो. मृत्युदंडासाठी किमान दोन-तृतीयांश सदस्यांचे एकमत हवे. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल कमाल दोन वर्षांचा कारावास देऊ शकते. समरी जनरल कोर्ट मार्शल तीन अधिकाऱ्यांचे असते आणि मोहिमेवरच्या धामधुमीसाठी त्याची सोय आहे. नौदलाच्या कोर्ट मार्शलमध्ये पाच ते नऊ अधिकारी बसतात.

चौथा प्रकार समरी कोर्ट मार्शलचा. जवानांना सर्वाधिक भीती याची वाटते आणि ती रास्त आहे, कारण इथे त्याच युनिटचा कमांडिंग ऑफिसर एकटा न्यायाधीश असतो. तो लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा असेल तर एक वर्षापर्यंत कारावास देऊ शकतो. जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये आरोपीला बचाव अधिकारी मिळू शकतो, परवानगी मिळाल्यास स्वखर्चाने वकीलही उभा करता येतो. समरीत त्याच्या वाट्याला येतो तो ‘आरोपीचा मित्र’. शब्द मोठा मायेचा आहे, पण हा मित्र साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही की न्यायालयापुढे भाषण करू शकत नाही. आरोपीच्या कानाशी लागून सल्ला देणे, एवढेच त्याचे काम. अमेरिकी सैन्यात आरोपीसाठी प्रशिक्षित लष्करी वकील सरकारच पुरवते. आपल्याकडे बचाव अधिकारी कायद्याचा पदवीधर असेलच असे नाही, आणि बहुधा तो त्याच यंत्रणेत बढतीची वाट पाहणारा असतो. या व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे.

रणजित ठाकूर या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये नेमके समरी कोर्ट मार्शलवरच बोट ठेवले. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती, तोच न्याय द्यायला बसला होता. आरोप होता जेवायचा हुकूम मोडल्याचा, आणि शिक्षा एक वर्षाचा कारावास व बडतर्फी. न्यायालयाने ती रद्द केली. न्यायासनावरील अधिकाऱ्यांना हरकत घेण्याचा आरोपीचा हक्क डावलला गेला, न्यायदाता निःपक्षपाती नव्हता आणि शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी होती, ही त्याची कारणे.

परदेशातल्या वर्तनावरून चाललेला भारतातला सर्वांत गाजलेला लष्करी खटला लाल किल्ल्यातला होय. मलाया आणि ब्रह्मदेशात आझाद हिंद सेनेतून लढलेल्या शाहनवाझ खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावरील कोर्ट मार्शल ५ नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाले. मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई यांनी बचावाची धुरा वाहिली. परतंत्र राष्ट्राला स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, असा त्यांचा मुद्दा होता. जन्मठेप-काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली, पण जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली. पुढच्याच महिन्यात मुंबई बंदरात नौसैनिकांचा उठाव झाला.

शिक्षेनंतरचे दरवाजे आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. पायदळात जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलचा निकाल वरिष्ठांनी कायम केल्याशिवाय लागू होत नाही, आणि त्याआधी व नंतरही सेना अधिनियमाच्या कलम १६४ खाली अर्ज करता येतो. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबईत खंडपीठ आहे. मात्र समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून अधिक कारावास झाला असेल तरच तिथे दाद मागता येते. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापुरातील सर्किट बेंच सुरू झाल्याने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या माणसाला उच्च न्यायालय घाटमाथ्यावर आले आहे. तटरक्षक दलाचे जवान मात्र या न्यायाधिकरणाच्या कक्षेत नाहीत. त्यांना १९७८ चा स्वतंत्र कायदा आणि त्याखालील तटरक्षक न्यायालये लागू आहेत.