साडेतीन हजार शब्द, पाच उतारे

चीनमध्ये उच्च माध्यमिक शाळेच्या अखेरीस होणाऱ्या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत, म्हणजे गाओखाओत, इंग्रजीची प्रश्नपत्रिका १५० गुणांची असते आणि तिच्या नव्या धाटणीत त्यांपैकी ५० गुण निव्वळ वाचनाला आहेत. चार उताऱ्यांवर पंधरा बहुपर्यायी प्रश्न विचारले जातात. पाचव्या उताऱ्यातून पाच वाक्ये काढून घेतलेली असतात आणि खाली दिलेल्या सात वाक्यांतून नेमकी पाच निवडून ती जागच्या जागी बसवायची असतात. विद्यार्थ्यांच्या बोलीत या प्रकाराचे नाव 'सातांतून पाच' असेच आहे. प्रत्येक उत्तराला अडीच गुण मिळतात. या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचा दिवस इंग्रजीपुरता दोन कामांत वाटलेला असतो: सकाळच्या पाठांतराच्या तासाला शब्द आणि संध्याकाळच्या स्वाध्यायाला उतारे. शब्द आणि वाचन यांची अशी फारकत कशी झाली आणि त्यांना पुन्हा जोडण्याचे प्रयत्न कुठे अडखळले, हे पाहिल्यावर अलीकडच्या वादांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

प्रारंभीचा काळ थोडक्यात सांगता येतो. दुसऱ्या अफू युद्धाच्या काळात, १८५८ मध्ये, ब्रिटनशी झालेल्या तहात मजकुराबाबत मतभेद झाल्यास इंग्रजी पाठच प्रमाण मानावा, असे कलम चीनला मान्य करावे लागले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६२ मध्ये, बीजिंगला दुभाषे तयार करणारी सरकारी शाळा निघाली. बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी मात्र अशा शाळेची वाट पाहिली नव्हती. इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांत लिहिलेल्या शब्दावल्या त्यांच्यात आधीपासूनच चालत होत्या. ती युक्ती अजून जिवंत आहे. 'थँक यू' लक्षात राहावे म्हणून मुले वहीत ज्या तीन अक्षरांचा आधार घेतात, त्यांचा शब्दशः अर्थ 'तीन ग्रॅम तेल' असा होतो. शिक्षक ते खोडतात आणि मुले पुढच्या पानावर पुन्हा लिहितात.

१९५० च्या दशकात रशियनला पहिला मान मिळाला आणि १९५४ नंतर काही वर्षे कनिष्ठ माध्यमिक वर्गांतून परकीय भाषाच बाजूला पडली. १९६४ च्या आराखड्याने इंग्रजीला पहिल्या परकीय भाषेचे स्थान दिले, परंतु दोनच वर्षांत सांस्कृतिक क्रांती सुरू होऊन प्रवेशपरीक्षाही थांबली. ती १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. शाळांतून इंग्रजी शिकवणारेच फारसे उरले नसल्यामुळे या विषयाचे गुण एकदम धरणे शक्य नव्हते. म्हणून १९८० मध्ये मिळालेल्या गुणांपैकी ३० टक्के, १९८१ मध्ये ५० टक्के, १९८२ मध्ये ७० टक्के आणि १९८३ पासून पूर्ण गुण, अशी पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था करण्यात आली. आजच्या सरावाचे मूळ अनेकजण इंग्रजीच्या जागतिक महत्त्वात शोधतात. ते खोटे नाही, पण गावोगावच्या शाळांत इंग्रजीची वही रोज उघडली जाऊ लागली ती या टक्क्यांच्या शिडीमुळे, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

१९८५ मध्ये ग्वांगदोंग प्रांतात बहुपर्यायी, यंत्राने तपासता येईल अशी प्रश्नपत्रिका प्रयोगादाखल आली आणि पुढे ती देशभर पसरली. लाखो उत्तरपत्रिका तपासण्याच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता. वाचनाच्या दृष्टीने मात्र उताऱ्याचे रूपच बदलले. अर्थ सांगा, भाषांतर करा, सारांश लिहा असे म्हणणारा प्रश्न मागे पडून चार पर्यायांतून तीन बाद करा असे सुचवणारा प्रश्न पुढे आला. आधी प्रश्न वाचावा, त्यातला कळीचा शब्द हेरावा आणि मग उताऱ्यात तो शोधावा, ही पद्धत शिकवणारी पुस्तके त्यानंतर उदंड झाली. अशा सरावाला मुले जो शब्द वापरतात त्याचा मूळ अर्थ 'ब्रश फिरवणे' आहे. प्रश्नांमागून प्रश्नांवरून हात फिरवत जायचे, एवढेच त्यात अभिप्रेत असते.

शब्दांची बाजू २००१ नंतर आकड्यांत बांधली गेली. त्या वर्षीच्या नव्या धोरणाने इंग्रजी तिसरीपासून सुरू करण्याचे ठरले आणि अभ्यासक्रमाच्या मानकांत प्रत्येक टप्प्याला शब्दसंख्या दिली गेली: सहावीअखेर ६०० ते ७००, नववीअखेर १,५०० ते १,६०० आणि उच्च माध्यमिकच्या वरच्या पातळीला ३,३००. प्रवेशपरीक्षेच्या रूपरेषेशी जोडला गेलेला आकडा होता साडेतीन हजारांचा. २०१७ च्या मानकांनी परीक्षेला बसणाऱ्यांसाठी ३,००० ते ३,२०० ही मर्यादा घातली, तरी सरावपुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आजही ३,५०० हाच आकडा ठळकपणे छापला जातो.

पण या आकड्यांत मोजले काय जाते? चिनी लिखाणात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. एकेक अक्षर दिसते आणि मोजता येते, तर 'शब्द' ही वेगळी संकल्पना म्हणून व्याकरणात रुळली तीच विसाव्या शतकात. इंग्रजी शब्द शिकणाऱ्या मुलाला त्यामुळे 'शब्द म्हणजे यादीतली एक ओळ' ही समजूत सहज पटते. उताऱ्यात मात्र त्या ओळीचे चार अवतार भेटतात. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता हे त्याने पाचवीत पाठ केलेले असते आणि उताऱ्यातला शास्त्रज्ञ एखादी समस्या 'ॲड्रेस' करीत असतो, म्हणजे तिला हात घालत असतो. अशा शब्दांना चिनी शिक्षकांनी 'ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ' असे नाव दिले आहे आणि त्यांचीही आता स्वतंत्र यादी पाठ करवली जाते! यादीबाहेरच्या शब्दाचा अर्थ प्रश्नपत्रिकेत कधी कंसात चिनीमध्ये दिलेला असतो, तर साधित आणि सामासिक शब्दांचा अर्थ मुलाने ओळखावा अशी अपेक्षा असते. कोशाच्या मदतीशिवाय वृत्तपत्र किंवा कादंबरी वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुले (मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे मिळून एक कुल) माहीत असावी लागतात, असा भाषाभ्यासकांचा बराच मान्य झालेला अंदाज आहे. त्याच्याशी साडेतीन हजारांची तुलना करताना एकीकडे ओळी मोजल्या आहेत आणि दुसरीकडे कुले, हे सहसा विसरले जाते.

पाठांतरासाठी चिनीत जे क्रियापद आहे त्याच अक्षराचा दुसरा अर्थ 'पाठ' असाच आहे, शरीराची पाठ. जुन्या शाळेत मुलगा गुरुजींकडे पाठ करून उभा राहायचा आणि न बघता धडा म्हणून दाखवायचा. मराठीतही दोन्हींना 'पाठ' हाच शब्द आहे, पण तो योगायोग. चिनीत ते अक्षर त्या रिवाजाची आठवण बाळगून आहे. वर्णानुक्रमाने लावलेल्या शब्दपुस्तकांत बहुधा अगदी सुरुवातीला येणारा शब्द 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे. दरवर्षी नव्या उत्साहाने पुस्तक उघडणारा आणि या पहिल्या शब्दाशीच थांबणारा विद्यार्थी हा चिनी मुलांचा आवडता विनोद आहे.

शब्द आले तरी वाक्य उलगडत नाही, याचे एक कारण वाक्यरचनेत आहे आणि ते मराठी वाचकाला चटकन कळेल. 'काल मी वाचनालयातून आणलेले पुस्तक' या रचनेत सगळे वर्णन नामाच्या आधी येते. चिनीतही तसेच येते. इंग्रजीत पुस्तक आधी येते आणि वर्णन शेपटासारखे मागून लांबत जाते. आपल्याला 'जे-ते'ची दुसरी वाटही मोकळी आहे. चिनीला ती तशी नाही. म्हणून तिथल्या वर्गांत 'लांब आणि कठीण वाक्ये' हा सरावाचा वेगळाच विभाग आहे. त्यात कर्ता आणि क्रियापद यांखाली रेघ मारून बाकीचे फाटे कंसांत टाकायला शिकवतात.

शब्द आणि वाचन यांना परीक्षेतच एकत्र आणण्याचा प्रयत्न २०१४ च्या सुधारणांनंतर झाला. शांघाय शहरात आणि शेजारच्या चच्यांग प्रांतात परकीय भाषेची परीक्षा वर्षातून दोनदा देण्याची आणि त्यांतले अधिक गुण धरण्याची मुभा मिळाली. चच्यांगमध्ये ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या फेरीत 'वाचून पुढे लिहा' हा प्रश्न आला. साधारण साडेतीनशे शब्दांची अपुरी गोष्ट वाचून, दिलेल्या दोन आरंभवाक्यांपासून सुमारे दीडशे शब्दांत ती पुरी करायची, असे त्याचे स्वरूप होते आणि त्याला २५ गुण होते. गोष्टीचा सूर न कळलेला मुलगा येथे पाठ केलेल्या शब्दांवर निभावून नेऊ शकत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नपत्रिकेत आलेला हा सर्वांत विचारपूर्वक बदल आहे.

त्याच प्रांतात नोव्हेंबर २०१८ मध्ये जे घडले त्याने मात्र या सुधारणेवर सावली पडली. त्या फेरीची प्रश्नपत्रिका कठीण होती. महिनाअखेरीस निकाल लागला तेव्हा स्वतः उत्तरे पडताळून बांधलेला अंदाज आणि हाती आलेले गुण यांचा अनेकांना मेळ लागेना. पालकांनी जाब विचारल्यावर परीक्षा यंत्रणेने जाहीर केले की वेगवेगळ्या फेऱ्यांची काठिण्यपातळी सारखी राहावी म्हणून वाचन आणि भाषावापर या भागांतल्या काही प्रश्नांचे गुण काठिण्यानुसार भार देऊन ठरवले आहेत आणि हा नियम सर्व परीक्षार्थींना सारखाच लावला आहे.

या खुलाशातले तत्त्व मुळात वावगे नव्हते. दोन फेऱ्यांपैकी अधिक गुण धरायचे म्हटले की नोव्हेंबरचे १३० आणि जूनचे १३० यांची किंमत एकच असली पाहिजे, नाहीतर सोप्या फेरीत नशीब उघडलेला मुलगा पुढे जातो. जगात अनेक परीक्षा असे समतोलन करतात. पण त्यासाठी काही सामाईक प्रश्न गुप्त ठेवून दोन्ही फेऱ्यांत वापरावे लागतात किंवा प्रश्न आधी अजमावून पाहावे लागतात. जिथे परीक्षा संपताच संपूर्ण प्रश्नपत्रिका लोकांच्या हाती पडते आणि प्रश्न फुटण्याची भीती सर्वांत मोठी असते, तिथे हे दोन्ही मार्ग जवळपास बंदच असतात. उरतो तो निकालानंतर हिशेब बदलण्याचा मार्ग, आणि तोच परीक्षार्थींना आधी न सांगता वापरला गेला. वाचनाच्या अडीच गुणांचा प्रश्न एकाएकी किती गुणांचा झाला, हे तो सोडवणाऱ्याला ठाऊक नव्हते. कठीण उताऱ्याला अधिक वेळ द्यावा की सोपे आधी उरकावेत, हा निर्णय प्रत्येक मुलाने छापील गुण पाहूनच घेतलेला होता.

सर्वांना एकच नियम लावला म्हणजे न्याय झाला, हा युक्तिवादही टिकत नाही. भार प्रश्नांना दिला होता. कोणाचे कोणते प्रश्न बरोबर आले यावर लाभ अवलंबून राहिला, आणि एकूण तेवढेच प्रश्न बरोबर असलेल्या दोघांच्या गुणांत फरक पडू शकला. ७५० गुणांच्या एकूण परीक्षेत दोनचार गुणांनीही विद्यापीठ बदलते. प्रांतिक सरकारच्या चौकशीने ५ डिसेंबरला हा निर्णय गंभीर चुकीचा ठरवला, भारित गुण रद्द केले आणि मूळ गुण परत दिले. शिक्षणखात्याच्या प्रमुखाला पद सोडावे लागले.

चौकशीने चूक सांगितली. दोन फेऱ्यांचे वाचन एका मापाने कसे मोजायचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. पुढे पहिली फेरी जानेवारीत गेली आणि गुण मूळचेच धरले जाऊ लागले, म्हणजे काठिण्यातला फरक आता विद्यार्थ्यांनीच सोसायचा. चच्यांगमधल्या सरावावर याचा परिणाम सरळ झाला. कोणती फेरी सोपी निघेल हे सांगता येत नसल्याने बारावीच्या हिवाळ्याआधीच सगळी शब्दयादी संपवण्याची घाई वाढली.

इंग्रजीचे वजन कमी करण्याची मागणी याच काळात वेगळ्या दिशेने येत होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये बीजिंगने एक मसुदा मांडला. त्यात २०१६ पासून इंग्रजीचे गुण १५० वरून १०० आणि चिनीचे १५० वरून १८० करण्याची सूचना होती. तो त्या स्वरूपात अमलात आला नाही. इंग्रजीला मुख्य विषयांतून काढावे अशी सूचना मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या अधिवेशनाच्या वेळीही झाली आणि तिच्यावर भरपूर चर्चा झाली. गुण मात्र १५० च आहेत.

तैवानमध्ये आकडा वेगळा असला तरी गोंधळ सारखाच आहे. तेथे २००५ पासून इंग्रजी तिसरीत सुरू होते. विद्यापीठ प्रवेशासाठी २००२ मध्ये तयार झालेल्या संदर्भयादीत सहा पातळ्यांवर प्रत्येकी १,०८०, म्हणजे एकूण ६,४८० शब्द होते, पण विद्यार्थी आणि प्रकाशक तिला 'सात हजार शब्द' म्हणतात. हाँगकाँगमध्ये वादाचा केंद्रबिंदू शब्दसंख्या नसून माध्यम हा राहिला. सप्टेंबर १९९८ पासून बहुतेक माध्यमिक शाळांना चिनी माध्यम लागू झाले आणि ११४ शाळांना इंग्रजी माध्यम ठेवता आले, तेव्हा विज्ञानाच्या पुस्तकातून आपोआप होणारा इंग्रजी वाचनाचा सराव उरलेल्या शाळांतून गेला आणि तो इंग्रजीच्या तासावर येऊन पडला. २०१० पासून ही विभागणी सैल करण्यात आली.

मुख्य भूमीवर जुलै २०२१ च्या आदेशाने सक्तीच्या शिक्षणाच्या (पहिली ते नववी) वर्गांसाठी शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्या बंद झाल्या आणि त्यांत इंग्रजी होती. त्याच वर्षी शांघायने प्राथमिक शाळेतली इंग्रजीची सत्रअखेर परीक्षा काढून टाकली. शिकवणीचा वर्ग बंद झाला तरी मोबाइलवरची शब्दांची ॲप्स चालूच राहिली. रोज ठरलेले शब्द संपवून हजेरी नोंदवायची आणि ती मित्रांना दाखवायची, अशी त्यांची रीत आहे. २०२२ च्या मानकांनी नववीसाठी सुमारे १,६०० शब्द कायम ठेवले आणि शब्द सुटे न शिकवता विषय व संदर्भासह शिकवावेत असे बजावले. त्याच मानकांच्या शेवटी परिशिष्ट म्हणून जोडलेली शब्दयादी वर्णानुक्रमानेच लावलेली आहे.