अडीच सूत म्हणजे एम-आठ नव्हे

डब्यातून बोल्ट उचलायचा, जाडी मोजायचा व्हर्निअर लावायचा, ७.८५ मिलिमीटर दिसलं की "आठचाच आहे" म्हणायचं आणि त्याला आठची चाकी, म्हणजे नट, शोधायला लागायचं. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता राहवत नाही म्हणून लिहितोय. तो बोल्ट आठचा असेलही, पण अडीच सुताचा, म्हणजे इंची मापाचाही असू शकतो. आणि या दोघांतला फरक व्हर्निअरच्या जबड्यात सापडत नाही.

मिलिमीटरचे बोल्ट तुम्हाला ठाऊक आहेत. मोटारसायकल, पंखा, मिक्सर, गेल्या काही दशकांतलं बहुतेक कुठलंही यंत्र खोला, एम-सहा, एम-आठ, एम-दहा हेच हाताला लागतात. एम-आठ म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा. त्यावर जागा घालवत नाही.

सुताचं माप मात्र नव्या मुलांना कुणी नीट सांगत नाही. एका इंचाचे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा, तीन सूत म्हणजे ३/८ आणि अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, अर्थात ७.९४ मिलिमीटर. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण फॅब्रिकेशनच्या दुकानात, शेतीच्या अवजारांत, जुन्या लेथवर सूत आजही चालतं. ते गावठी माप म्हणून हिणवणाऱ्यांचा मला राग येतो. त्यामागे जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये मांडलेली आट्यांची, म्हणजे बोल्टवरच्या पेचांची, पद्धत आहे. त्याआधी एका कारखान्याची चाकी दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर बसेलच याचा भरवसा नव्हता. माझं भांडण सुताशी नाही, सूत आणि मिलिमीटर एकाच डब्यात टाकणाऱ्यांशी आहे.

आता जिथे सगळे फसतात तिथे येऊ. बाजारातला नवा, चांगला एम-आठ बोल्ट बाहेरून बरोबर ८.०० कधीच भरत नाही, चाकी सहज फिरावी म्हणून तो मुद्दाम किंचित कमी ठेवतात. ७.८, ७.९ असंच काहीतरी येतं. अडीच सुती बोल्टही तेवढाच भरतो. म्हणजे जाडीवरून दोघं जुळे भाऊ. वेगळं आहे ते आट्यांमधलं अंतर, पिच. एम-आठचा पिच १.२५ मिलिमीटर. अडीच सुताला इंचात १८ आटे, म्हणजे १.४१. फरक मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याइतका आहे. एका आट्यावर तो डोळ्यांना दिसत नाही, पण प्रत्येक आट्यागणिक साठत जातो. म्हणूनच अडीच सुती बोल्ट आठच्या चाकीत दोन-तीन फेरे गुमान जातो आणि मग घट्ट होतो. इथे माणूस म्हणतो, "गंज असेल", थोडं तेल सोडतो आणि पाना लांब धरून जोर लावतो. तो गंज नसतो. चौथ्या आट्याला चाकीतल्या खाचेऐवजी भिंत लागलेली असते. हाताने जाणारी चाकी अचानक अडली की थांबा, उलटी फिरवा, बाहेर काढा.

पण अडणारी जोडी परवडली. खरी धोक्याची जोडी तीन सूत आणि एम-दहाची आहे, कारण ती अडत नाही. तीन सूत म्हणजे ९.५२ मिलिमीटर, इंचात १६ आटे, पिच १.५९. एम-दहाचा पिच १.५. बोल्ट चाकीपेक्षा बारीक आणि पिच जवळपास सारखा, त्यामुळे तो चाकीत पार शेवटपर्यंत जातो. थोडा खुळखुळतो एवढंच. व्हर्निअरवर ९.४ दिसतं तेव्हा लोक म्हणतात, "दहाचाच आहे, झिजलाय". आट्यांची टोकं अर्धा मिलिमीटर अशी सगळीकडून सारखी झिजत नाहीत. ९.४ दिसलं तर तो तीन सुताचा आहे, विषय संपला.

आमच्या मामांच्या गोठ्यात कडबाकुट्टी आहे. एका वर्षी पात्याचा एक बोल्ट तुटला आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने डब्यातला एक उचलून बसवला. बसला, आवळलाही गेला. आठवड्याभरात यंत्राचा आवाज बदलला म्हणून मामींनी मोटार बंद केली. मी बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लोखंडाची बारीक तार अडकली होती. पातं ज्या चाकाला बसतं त्यातल्या भोकाचे ते आटे होते, मुळासकट सोललेले. तीन सुताचा बोल्ट एम-दहाच्या भोकात बसवला होता. दाते एकमेकांत पुरते शिरत नाहीत आणि पिच जुळत नसल्यामुळे सगळा भार एक-दोन आट्यांवर येतो. मामी रोज त्या यंत्रासमोर हाताने कडबा सरकवतात. त्या पात्याचा विचार आला की आजही अंगावर काटा येतो.

ओळखायचं कसं? साधी पट्टी घ्या. एका आट्याच्या टोकापासून सुरू करून पुढची दहा टोकं मोजा आणि एकूण अंतर बघा. १२.५ मिलिमीटर आलं तर एम-आठ, १४ च्या थोडं पुढे आलं तर अडीच सूत. १५ बरोबर आलं तर एम-दहा, १६ च्या जरा अलीकडे आलं तर तीन सूत. पिच गेज, म्हणजे पिच मोजायची दातेरी पट्टी, असेल तर उत्तमच, पण मला त्याहून आवडते ती खिडकीतली परीक्षा. ओळखीचा बोल्ट आणि अनोळखी बोल्ट एकमेकांना आडवे चिकटवून आट्यांत आटे बसवायचे आणि उजेडासमोर धरायचे. पिच एक असेल तर मधून उजेडाची फट दिसत नाही, वेगळा असेल तर चार-पाच आट्यांनंतर फट उघडत जाते. यात चूक होत नाही. आट्यांचा कोन मिलिमीटरवाल्याचा ६० अंश आणि व्हिटवर्थच्या सुतीचा ५५ हे खरं, पण नुसत्या डोळ्यांनी कोन ओळखतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

बाकीचे घोळ किरकोळ. डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं ते माप नव्हे, ताकद आहे. मात्र असा आकडा दिसला तर बोल्ट मिलिमीटरचा धरायला हरकत नाही. पान्यावरचा १३ म्हणजे डोक्याची रुंदी, बोल्टची जाडी नव्हे, त्यामुळे "तेराचा बोल्ट द्या" असं दुकानात मागू नका. जुन्या बाजारात व्हिटवर्थचे पाने मिळतात, त्यांचं उलट आहे. त्यांच्यावर बोल्टची जाडी लिहिलेली असते, म्हणून पाव इंच लिहिलेला जबडा पाव इंचाहून दुपटीने मोठा निघतो. पाना खोटा नाही, वाचायची रीत वेगळी. नळाचा अर्धा इंच तर या हिशेबातच धरू नका, त्याचे आटे बाहेरून जवळपास २१ मिलिमीटर भरतात.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. बोल्ट अडला की "टॅप मारून घेऊ" म्हणत हाताला येईल तो टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, भोकात घालायचा. आठच्या भोकात अडीच सुताचा टॅप फिरवला की जुने आटे कापले जातात आणि नवे पुरते पडत नाहीत. त्या भोकात मग ना आठचा बोल्ट धरतो ना सुताचा, आणि ओतीव लोखंडाचं अंग असेल तर भोक मोठं करून पुढच्या मापाचा टॅप मारण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मामांच्या चाकातलं ते एक भोक शेवटी असंच चार सुताचं करावं लागलं. उरलेले बोल्ट मी एकेक काढून खिडकीत धरून पाहिले, त्यांत आणखी एक तीन सुताचा निघाला.