आजार उलटला, की गोळी सुटल्याचा त्रास?

नैराश्यावरच्या गोळ्या वर्ष-दीड वर्ष घेतल्या, झोप-भूक ताळ्यावर आली, कामात लक्ष लागायला लागलं, की माणूस गोळ्या बंद करतो. कधी डॉक्टरांना विचारून, कधी परस्पर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिडचिड सुरू होते, झोप उडते, कुणी साधं काही बोललं तरी डोळे भरून येतात. घरातले म्हणतात, ‘बघ, परत सुरू झालं.’ शेजारपाजारचे म्हणतात, ‘गोळ्यांची सवय लागली.’ दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

औषध बंद केल्यावर त्रास होण्याची दोन वेगळी कारणं असतात. एक, मूळ आजार उलटणं. दुसरं, रोज मिळणारं औषध अचानक मिळेनासं झाल्यामुळे मेंदू आणि शरीर काही काळ बिथरणं. उदासी, अस्वस्थता, निद्रानाश दोन्हींत दिसतात, म्हणून गल्लत होते. आणि ती महागात पडते. गोळी सुटल्याचा त्रास आजार समजला गेला, तर गरज नसताना औषध वर्षानुवर्षं चालू राहतं. उलट झालं, तर ‘जाईल चार दिवसांत’ म्हणत आजार अंगावर काढला जातो.

सगळ्यात उपयोगी पुरावा तारखेचा. गोळी सुटल्याचा त्रास बहुधा डोस कमी किंवा बंद केल्यापासून काही दिवसांतच सुरू होतो. किती दिवसांत, हे औषध रक्तातून किती लवकर उतरतं त्यावर ठरतं. व्हेन्लाफॅक्सिनचं प्रमाण साधारण 5 तासांत निम्म्यावर येतं आणि त्यापासून शरीरात बनणाऱ्या सक्रिय घटकाचं साधारण 11 तासांत. म्हणून ही गोळी घेणाऱ्या काहींना एक डोस चुकला तरी लगेच जाणवतं. पॅरोक्सेटिनला निम्म्यावर यायला सुमारे एक दिवस लागतो. फ्लुओक्सेटिन मात्र रेंगाळतं, ते पुरतं उतरायला काही आठवडे जातात. त्यामुळे त्याचा त्रास सहसा सौम्य असतो, पण उशिरा येऊ शकतो, आणि तिथे तारखेचा हिशेब फसतो. आजार उलटतो तो बहुतेक वेळा सावकाश, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, दबक्या पावलांनी.

दुसरा पुरावा शरीराचा. नजर झटकन एका बाजूकडून दुसरीकडे वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होतं, क्षणभर सगळं हलतं आणि थांबतं. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना वर्णन वाचताक्षणी पटेल, बाकीच्यांना अतिशयोक्ती वाटेल. नैराश्यात असे झटके बसत नाहीत. चक्कर, मळमळ, ताप येण्याआधीसारखी कणकण, घाम, अतिशय ठसठशीत स्वप्नं, ही मंडळीही याच बाजूची. आजार उलटतो तेव्हा चित्र बहुधा ओळखीचं असतं: आवडीच्या गोष्टीत रस न उरणं, आपण कुणाच्या कामाचे नाही ही टोचणी, अंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटणं. मागच्या खेपेला पहिलं काय बिनसलं होतं, हे बरं असतानाच लिहून ठेवावं. एकाला पहाटे तीनला जाग येते, दुसरा फोन उचलणं बंद करतो. पुढे ताडून बघायला ही नोंद कामी येते.

तिसरी खूण डॉक्टरांच्या हातातली. औषध पुन्हा सुरू केल्यावर एक ते तीन दिवसांत आराम पडला, तर बहुधा तो गोळी सुटल्याचाच त्रास होता. उलटलेला आजार इतक्या लवकर हटत नाही, त्याला आठवडे लागतात.

आता सवयीबद्दल. या गोळ्यांची तलफ येत नाही, त्याच परिणामासाठी डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही, म्हणून याला व्यसन म्हणणं चूक. पण सोडताना काहीच होत नाही, असं जे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, तेही खरं नव्हे. 2024 साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात खरं औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे 31 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. गंमत म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी थांबवलेल्यांतही 17 टक्क्यांना झाला. म्हणजे साधारण सहा-सात जणांत एकाचा त्रास खरोखर औषध थांबल्यामुळे होता. तीव्र त्रास 3 टक्क्यांच्या आसपास होता. काहींचा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, काहींचा महिनोन्‌महिने रेंगाळतो, आणि अशांना ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवणं मला क्रूर वाटतं.

आजार उलटण्याचा धोकाही कमी लेखण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्या 478 जणांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध हळूहळू बंद केलेल्यांपैकी 56 टक्के जणांचा आजार वर्षभरात उलटला. औषध चालू ठेवलेल्यांतही हा आकडा 39 टक्के होता. म्हणजे गोळी चालू आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, आणि बंद केली म्हणून आजार उलटेलच असंही नाही.

डोस उतरवताना खरी गोम शेवटच्या टप्प्यात असते. सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध 20 मिलिग्रॅम घेतलं की मेंदूत सेरोटोनिन हे रसायन परत पेशीत ओढून घेणारे सुमारे 80 टक्के वाहक अडवले जातात, आणि 5 मिलिग्रॅमलाही जवळपास 60 टक्के. डोस पाऊण कमी झाला, परिणाम मात्र थोडाच घटला. म्हणून 20 वरून 10 वर येणं अनेकांना सोपं जातं आणि 5 वरून शून्यावर येताना पाय घसरतो. तिथे पायऱ्या आणखी लहान हव्यात, काही औषधांचं द्रवरूप त्यासाठी उपयोगी पडतं. एक दिवसाआड गोळी घेण्याची युक्ती लवकर उतरणाऱ्या औषधांना तर मुळीच चालत नाही, रक्तातली पातळी रोज वर-खाली होते. दीर्घकाळ विरघळणाऱ्या कॅप्सूल कुटून घेऊ नयेत.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, तेव्हा प्रत्येक वेळी स्वच्छ उत्तर मिळेल असं नाही. जगणं नको वाटायला लागलं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर हे काय आहे याचा निवाडा करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर किंवा तातडीची सेवा गाठावी. एरवी दवाखान्यात जाताना तीन गोष्टी कागदावर असाव्यात: कुठला डोस कोणत्या तारखेला बदलला, पहिली तक्रार कधी सुरू झाली, आणि ती पूर्वी कधी झाली होती का.